पायाळूची लाथ
कपाट आवरताना धाकट्या भावाच्या एमआरआयची फिल्म हाती लागली. जन्मताना माझे पाय आधी आले, मी पायाळू. पायाळूच्या लाथेनं उसण जाते म्हणतात, म्हणून तुर्भ्याच्या मार्केटात कमरेत उसण भरलेले हमाल माझी लाथ खायला यायचे. एकदा तिथंच गोण्या वाहणारा भाऊही हसत वाकला, "दादा, हळू. कंबर हाय, गोणी नाय." संध्याकाळी त्याचं डोकं असह्य दुखू लागलं, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी फिल्मवर दाखवलं, कण्यातली जन्मापासूनची गाठ फुटून तिच्यातली चरबी थेंबाथेंबानं डोक्यापर्यंत चढली होती. "पाठीला मार लागला होता का?" मी नाही म्हणालो. भावानं माझ्याकडे पाहिलं आणि तोही नाही म्हणाला. पुढं त्याचे पाय अधू झाले, सगळ्यांनी ओझ्याला दोष दिला. तो गेला, पण बोलला नाही. डॉक्टर, मार लागला होता. माझ्या पायाचा.