बसमधून आलेला आलेख

वाळवंटातल्या अद्रार शहरातून दक्षिणेकडे जाणारी बस अघिलच्या फाट्यावर थांबते, ती कोणाला उतरायचं असतं म्हणून नव्हे. ड्रायव्हर कुइदरला तिथे पाय मोकळे करायचे असतात. गाव फाट्यापासून बरंच आत आहे, खजुरीच्या बागांच्या पलीकडे. फाट्यावर आहे ते फक्त हवामान केंद्र: दोन खोल्या, अंगणात चार पायांवर उभी पांढरी जाळीदार पेटी, आणि तारेचं कुंपण. वाळू त्या कुंपणाला कधीच जुमानत नाही.

त्या दोन खोल्यांत तुहामीची सगळी नोकरी गेली. पेटीचं दार उघडायचं, तापमापक वाचायचा, वारा बघायचा, आकडे वहीत उतरवायचे आणि रेडिओवरून अद्रारला सांगायचे. महिना संपला की आलेखाच्या कागदावर रेघ काढून टपालाने पाठवायची. रेघ काढायला त्याला आवडायचं. त्याची बायको दाविया म्हणायची, "पेन्सिलीला टोक करताना तुझा चेहरा बघावा. नवरीला काजळ घालावं तसं करतोस." दाविया जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गावात पुतणे होते, ईदला जेवायला बोलवायचे आणि जेवण झालं की आपापसांत बोलायला लागायचे.

मग एका हिवाळ्यात सरकारी गाडी आली आणि तिच्यातून सिहेम नावाची ओरानची इंजिनिअर पोरगी उतरली. तिने अंगणात एक लोखंडी खांब उभा केला. हा खांब उष्मा, वारा, सगळं स्वतःच मोजणार होता आणि आकाशातून परस्पर पाठवणार होता.

"मग मी काय करायचं?" तुहामीने विचारलं.

"खांबावर लक्ष ठेवा, काका. निवृत्तीपर्यंत पगार चालू राहील, काळजी नको."

काळजी पगाराची नव्हती, पण ते तिला कसं सांगणार. पोरगी मनाने चांगली होती. दोन दिवस राहिली, त्याच्या हातची भाकरी खाल्ली, रिवाजाप्रमाणे चहाचा तिसरा पेला होईपर्यंत बसून राहिली. भिंतीवर लावलेल्या त्याच्या जुन्या रेघा तिने जवळ जाऊन पाहिल्या.

"काका, तुम्ही एकेका महिन्याची रेघ काढता. तुमचे सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले ना, तर सगळ्या वर्षांची मिळून एक रेघ येईल. एका नजरेत."

खांबाबरोबर आणलेला एक जुना टेबलावरचा कॉम्प्युटर तिला परत न्यायचा नव्हता. तो तिने तिथेच ठेवला. आकडेमोड करणारा आणि आलेख काढणारा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे म्हणाली, तो बसवायला सुरुवातही केली. पण केंद्राची टेलिफोनची तार कधीची मेली होती, आणि उरलेल्या फाइली इंटरनेटशिवाय मिळणाऱ्या नव्हत्या. "पुढच्या खेपेला पुरं करते," असं म्हणून ती गेली. पुढच्या खेपेला दुसराच माणूस आला. खांब ठीक आहे एवढं बघून तो गाडीचं इंजिनही बंद न करता निघून गेला.

आता दिवसाला काही आकारच उरला नाही. सवयीने तुहामी वेळेवर पेटीशी जायचा, तापमापक वाचायचा, आणि वाचलेला आकडा कोणाला सांगायचा नाही हे लक्षात यायचं. रेडिओ काढून नेला होता. कधी कधी तो आकडा मोठ्याने म्हणायचा. खांबावरच्या वारा मोजणाऱ्या वाट्या गरगर फिरत राहायच्या.

एका दुपारी त्याने कॉम्प्युटरवरची धूळ पुसून तो चालू केला. सिहेमने अर्धवट सोडलेला प्रोग्राम उघडायला गेला तर पडद्यावर ओळ आली: हे चालण्यासाठी अमुक फाइल हवी, ती सापडत नाही. फाइलचं नाव लांबलचक होतं, मध्ये आडव्या रेघा आणि टिंबं. तुहामीने ते अक्षर न् अक्षर कागदावर उतरवलं आणि बसची वाट बघत फाट्यावर जाऊन उभा राहिला.

कुइदरने कागद उलटसुलट करून पाहिला. "हे काय? औषध आहे का?"

"कॉम्प्युटरची फाइल आहे. अद्रारला कोणाकडे तरी मिळेल."

"आमच्या थांब्यासमोर सी लारेजचं दुकान आहे, कॉम्प्युटरचं. देतो त्याला. पण तुला कॉम्प्युटर कशाला? एकटा बसून सिनेमे बघणारेस काय?"

"आलेख काढणारे."

"खांब काढतो ना?"

"खांब काढत नाही. नुसता पाठवतो."

कुइदर खांदे उडवून गाडीत चढला. पुढच्या खेपेला त्याने खिडकीतून एक पेन ड्राइव्ह दिला, कागदात गुंडाळलेला. कागदावर घाईघाईतल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'फाइल आत आहे. बसवण्याची आज्ञा खाली लिहिली आहे, तशीच टाइप करा. जागा सोडली आहे तिथे जागा सोडा. लारेज.'

तुहामीने तसंच केलं. पडद्यावर ओळी धावल्या, आणि शेवटी नवी मागणी आली. या फाइलला आणखी एक फाइल हवी होती.

हे असं चालू झालं. पहिलीला दुसरी हवी, दुसरीला तिसरी आणि चौथी. चौथी आली तर जुनी निघाली, तिच्याऐवजी नवी मागवावी लागली. बस आठवड्यातून दोनदा जाई. अद्रारला जाताना पेन ड्राइव्ह आणि चिठ्ठी न्यायची, परतताना फाइल आणि उत्तर आणायची. बुधवार आणि शनिवार हे पुन्हा बुधवार आणि शनिवार झाले. बस दिसायच्या आधीच तुहामी दाढी करून फाट्यावर हजर असायचा.

त्याच्या चिठ्ठ्या हळूहळू लांबल्या. सुरुवातीला फक्त फाइलचं नाव असे. मग 'आदरणीय सी लारेज, आपण कुशल असाल' असं आलं. मग 'इथे तीन दिवस वावटळ आहे, कळफलकात वाळू जाते म्हणून ओलं फडकं टाकून ठेवतो.' लारेजची उत्तरं आखूडच असत, पण असत. 'फडकं ओलं नको, कोरडं टाका.' एकदा: 'ही फाइल शोधायला वेळ लागला. तुमच्यामुळे मीही शिकतो आहे.' ही चिठ्ठी तुहामीने जपून ठेवली. लोक 'सी', म्हणजे साहेब, म्हणतात तेव्हा हा लारेज आपल्याच वयाचा, कदाचित टपाल खात्यातून निवृत्त झालेला, शांत दुकानात चष्मा लावून बसलेला माणूस असेल अशी त्याने मनाशी समजूत करून घेतली होती. चहाला दोन पेले मांडावेत आणि दुसऱ्या पेल्याशी बोलावं, तसा तो दुपारभर त्याच्याशी मनातल्या मनात बोलायचा.

दरम्यान तो जुन्या वह्यांतले आकडे भरत होता. हिवाळा सगळा त्यात गेला. दोन बोटांनी टाइप करायचं, चुकलं की मागे जायचं. एका जागी तो अडला. एका वसंतात जवळजवळ दोन महिने वही कोरी होती. दावियाला अद्रारच्या इस्पितळात ठेवलं होतं तो काळ. बदली माणूस पाठवतो म्हणाले होते, पाठवायचं राहून गेलं. तुहामी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून होता आणि पेटीतला पारा कोणी न बघता चढत होता, उतरत होता. तो एकटाच परत आला तेव्हा टेबलावर खात्याचं ठपक्याचं पत्र पडलं होतं, नोंदी का नाहीत म्हणून. उत्तरात त्याने लिहिलं होतं, 'घरगुती कारण.'

त्या दिवसांच्या जागी काय भरायचं? शून्य भरलं तर शून्य अंश होईल, तेही वसंतात. त्याने लारेजला विचारलं. उत्तर आलं: 'तिथे NaN लिहा. म्हणजे इथे अंक नाही. प्रोग्राम समजून घेईल.' तुहामीने एकेका दिवसापुढे ती तीन अक्षरं लिहिली. एकदम भरता आली असती, पण त्याने एकेक लिहिली.

वसंत संपता संपता एका शनिवारी आणलेली फाइल बसली आणि पडद्याने काहीच मागितलं नाही. बराच वेळ तुहामी मागणीची वाट बघत होता. मग लारेजने लिहून दिलेली आलेखाची आज्ञा टाइप केली. क्षणभर काळं, मग एक पांढरी चौकट उघडली आणि तिच्यात निळी रेघ उमटली, सगळ्या वर्षांची. उन्हाळे वर, हिवाळे खाली, पुन्हा वर. शाळेतली मुलं समुद्र काढतात तशी. उजवीकडे उन्हाळ्यांची टोकं जरा जास्त उंच जात होती. आणि मध्याच्या थोडं डावीकडे, चढणीवर, रेघ तुटली होती. नखाएवढी मोकळी जागा, मग पलीकडून पुन्हा सुरू.

तो खुर्ची पुढे ओढून बसला. इतक्या वर्षांच्या रेघेत त्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. ऊन सरकारी, वारा सरकारी. तेवढी मोकळी जागा त्याची होती. पडदा आपोआप विझला, त्याने माऊस हलवून पुन्हा उजळवला. हे कोणाला दाखवावं याचा विचार करत तो उठून दारापर्यंत गेला. बाहेर रस्ता होता. बस तर सकाळीच गेली होती.

बुधवारी कुइदरने विचारलं, "झालं का तुझं?"

तुहामीच्या तोंडून निघालं, "नाही. अजून एक हवी आहे."

चिठ्ठीवर त्याने पडद्यावरच्या यादीतलं एक नाव असंच उतरवलं होतं. त्याला त्या फाइलची काहीच गरज नव्हती. शनिवारी फाइल आली, पण सोबत चिठ्ठी नव्हती. त्याने आणखी एक मागवली. तीही आली, नुसती. पुढची मागवायला त्याने कागद घेतला आणि कोराच ठेवून दिला. त्याने ठरवलं, अद्रारला जायचं, सी लारेजला भेटायचं आणि आलेख दाखवायचा. सोबत उत्तम खजुरांचा डबा घेतला, पांढरा धुतलेला झगा घातला.

दुकान थांब्यासमोरच होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलेजची पोरं, छपाईच्या यंत्राचा खडखडाट, कोणी फोन दुरुस्तीला आणलेला, कोणी नोकरीचा अर्ज भरायला बसलेलं. काउंटरमागे पस्तिशीचा, जाडसर, दम्याने धापा टाकणारा माणूस एकाच वेळी तिघांना उत्तरं देत होता.

"सी लारेज कुठे भेटतील?"

"मीच. बोला हाजी, पटकन."

"मी तुहामी."

माणसाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तुहामीने सांगितलं, "अघिल. हवामान केंद्र."

"अरे, हवामानवाले काका. बसा बसा. ए, उठ रे, काकांना खुर्ची दे." त्याच्या मागच्या भिंतीवर खिळे ठोकून पेन ड्राइव्ह टांगले होते, प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर नाव: दवाखाना, पंप, अमुक गावची शाळा, तमुक चौकी. त्यातल्या एका पट्टीवर 'हवामान' लिहिलं होतं, वरचा खिळा रिकामा होता. रस्त्याने जाणाऱ्या सगळ्या बसगाड्या लारेजसाठी अशी कामं नेत-आणत होत्या. तुहामी त्या भिंतीकडे बघत राहिला.

लारेजने वेळ काढला, तो भला माणूस होता. दोन गिऱ्हाइकांच्या मधे त्याने तुहामीने आणलेला पेन ड्राइव्ह लावला, आलेख उघडला. "वा, छान आलाय. सगळं तुम्ही भरलंत? कमाल आहे काका." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथे तुटलाय. हवं तर जोडून देतो. अलीकडचा आणि पलीकडचा आकडा धरून मधले अंदाजाने भरता येतात. एका ओळीचं काम आहे."

"नको," तुहामी म्हणाला. "राहू दे तसं."

"दिसायला बरं दिसेल."

"राहू दे."

"बरं." लारेजने कारण विचारलं नाही. कोणीतरी त्याला हाक मारत होतं. पेन ड्राइव्ह काढून देताना तो म्हणाला, "आणि काका, शेवटच्या दोन फाइली तुम्हाला लागत नव्हत्या. एक तर आवाजाची होती. चुकून लिहिलं गेलं असेल म्हणून पाठवली तशीच. आता सगळं बसलंय, काही मागवू नका."

"हो. चुकूनच," तुहामी म्हणाला. खजुरांचा डबा काउंटरवर ठेवून तो बाहेर आला, आणि परतीची बस सुटेपर्यंत थांब्यावरच्या बाकावर बसून राहिला. समोर दुकानात पोरांनी डबा उघडला होता. खजूर हातोहात संपत होते.

परतताना कुइदरने त्याला शेजारी बसवलं. बराच रस्ता गेल्यावर म्हणाला, "भेटला का तुझा सी लारेज?"

"भेटला. कामात होता."

"तो नेहमीच कामात असतो. मलासुद्धा 'ए बस' म्हणतो. नाव माहीत नाही त्याला माझं."

तुहामीने पाय जरा पुढे पसरले.

त्या वर्षी शरदात तो निवृत्त झाला. केंद्र रिकामं करा असं त्याला कोणी सांगितलं नाही आणि किल्ल्या मागायलाही कोणी आलं नाही. पुतण्यांनी एकदा विचारलं, गावात ये. त्याने बघू म्हटलं. दुपारची नमाज झाली की तो पेटीतला तापमापक वाचतो, आत येऊन आकडा भरतो, आणि रेघ उजवीकडे केसभर सरकते. पाहून झाली की कॉम्प्युटर बंद करून त्यावर कोरडं फडकं टाकतो.

बुधवार-शनिवार बस येते. त्याच्याकडे द्यायला काही नसतं, तरी तो फाट्यापर्यंत जातो. घाईत असला तर कुइदर नुसता भोंगा वाजवून जातो. एकदा गाडी तापली म्हणून तो चहाला आत आला आणि पेला हातात घेऊन पडद्यासमोर उभा राहिला.

"एवढे महिने मी ने-आण केली ती याच्यासाठी?"

"याच्यासाठी."

"आणि निघालं काय? उन्हाळ्यात गरम आणि हिवाळ्यात थंड."

"साधारण तेवढंच."

कुइदरने वाकून नीट पाहिलं. रेघ जिथे तुटली होती तिथे त्याची नजर थांबली की नाही, कळलं नाही. "साखर कमी झाली आहे," तो म्हणाला, आणि तुहामीने साखरेचा खडा त्याच्यापुढे सरकवला. बाहेर प्रवासी गाडीतून उतरून सावली शोधत होते. इंजिन निवायला अजून वेळ होता.