काळा कोपरा

दिपमाला नेहते जळगावात पिंप्राळ्याला राहते आणि लोकांना कॅमेरा शिकवते. तिच्याकडे खोली नाही, फळा नाही, दारावर पाटीही नाही. एका वेळी एकच विद्यार्थी, आणि शिकवणी कायम बाहेर. कधी मेहरूण तलावावर, कधी केळीच्या बागेत, कधी शिकणाऱ्याच्याच गावाबाहेर जिथे बरा उजेड असेल तिथे.

आधी बारा वर्षं ती स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती. पासपोर्टचे फोटो काढायचे, लग्नाचे अल्बम जुळवायचे, जुन्या फोटोंवरचे डाग कॉम्प्युटरवर पुसायचे. फोन सगळ्यांच्या हातात आले आणि स्टुडिओ बंद झाला. मग एका खासगी संस्थेत ती शिकवायला लागली. चाळीस खुर्च्या, समोर पडदा. तिथे बोदवडहून येणाऱ्या एका बाईने तीन दिवस सगळं वहीत उतरवून घेतलं आणि चौथ्या दिवशी, बाकीचे गेल्यावर, हळूच विचारलं, "मॅडम, हा चालू कुठून होतो?"

दिपमालाला हसू आलं नाही. तीन दिवस ती बाई मान हलवत होती आणि आपण ती मान खरी धरली, हेच तिच्या मनाला लागलं. महिनाअखेरीला तिने संस्था सोडली. नवरा, भूपेंद्र, पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो एवढंच म्हणाला, "एकेकाला शिकवशील तर आयुष्यात किती जण होतील?" ती म्हणाली, "होतील तेवढे. पण होतील ते नीट होतील."

पाच वर्षांत तिने शंभरेक लोकांना शिकवलं. जाहिरात कधी केली नाही. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने फोन करायचा. त्यामुळे कोणी नाराज होऊन गेला, तर पुढचे दोन-चार जण येणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

झुलाल भदाणे तिच्याकडे आले ते असेच, ऐकून. वय बासष्ट. मूळचे धुळे तालुक्यातले, पण उभी नोकरी रेल्वेत झाली, गाडीचे ड्रायव्हर म्हणून, आणि भुसावळलाच घर बांधलं. त्यांना सगळे नाना म्हणत, तीही म्हणायला लागली. पहिल्याच फोनवर त्यांनी सांगितलं, "चौतीस वर्षं सिग्नल सोडून कशाकडं बघायची परवानगी नव्हती, मॅडम. रस्त्यात किती काय येऊन गेलं. आता ते सगळं थांबून बघायचंय."

कॅमेरा कोणता घ्यावा हेही त्यांनी तिलाच विचारलं. तिने जळगावातल्या स्वप्नीलच्या दुकानाचं नाव सांगितलं, मॉडेल सांगितलं, आणि नानांनी तोच घेतला.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी तापीच्या काठावर पहिला धडा झाला. पहिल्या दिवशी दिपमाला कॅमेऱ्याला हात लावू देत नाही.

"हात उन्हात धरा, नाना. आता झाडाखाली धरा. काय बदललं?"

"उन्हात शिरा दिसत नव्हत्या. सावलीत दिसतात."

इतकं नेमकं उत्तर तिला फार कमी जणांनी दिलं होतं. तिने तसं म्हटल्यावर नाना खूश झाले. "माझ्या डोळ्यांना रेल्वेनं चौतीस वर्षं पास केलंय. एकदासुद्धा अडवलं नाही. वाचायला तेवढा चष्मा लागतो, लांबचं अजून नुसत्या डोळ्यांनी."

दुसऱ्या रविवारी कॅमेरा हातात आला. बटणं त्यांनी अर्ध्या तासात पाठ केली. पण डोळा लावायच्या छोट्या काचेतून, जिला दिपमाला खिडकी म्हणते, बघता बघता ते थांबले.

"आत मच्छर गेलाय."

तिने बघितलं. एका कडेला धुळीचा अगदी बारीक कण होता. खिडकीच्या आत धूळ बसली तर बघताना दिसते, पण फोटोत उमटत नाही. फोटो तपासले, तर स्वच्छ. म्हणजे हिशेब बरोबर जुळला. "धूळ आहे, नाना. दुकानात दाखवून घ्या, दोन मिनिटांत काढून देतील."

नाना मंगळवारी जळगावला जाऊन आले. बुधवारी त्यांचा फोन आला, आणि आवाज बदललेला होता.

"मच्छर तसेच आहेत. चांगले पाच-सहा आहेत आणि फिरतात. तो पोरगा म्हणतो काही नाही. आणि अजून एक. हा कॅमेरा बटण न दाबता चमकतो. संध्याकाळी मी नुसता हातात घेऊन बसलो होतो, तर बाजूनं फ्लॅश उडाला. दोनदा."

"चुकून बटण दाबलं गेलं असेल."

"मॅडम, मी इंजिन चालवलंय. कोणतं बटण दाबलं आणि कोणतं नाही, एवढं मला कळतं. तुमच्या सांगण्यावरून घेतला हा कॅमेरा."

पाठोपाठ स्वप्नीलचाही फोन आला. काकांनी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर वापरलेला माल विकल्याचं म्हटलं, असं तो सांगत होता. दिपमालाने दोघांची समजूत काढली, पण मनातून ती घाबरली. नाना भुसावळच्या अर्ध्या रेल्वे कॉलनीला ओळखत होते. ही बाई भलताच माल गळ्यात मारते, असं त्यांनी नुसतं दोघांना सांगितलं असतं तरी पुरे होतं.

तिसरा धडा तिने शनिवारीच घेतला. ती सकाळच्या गाडीने भुसावळला पोचली. नाना नदीवर आधीच आले होते, पण राम राम करतानाही चेहरा ताठच. कॅमेरा त्यांनी डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला.

"आता तर कोपरासुद्धा काळा झाला."

"कुठला?"

"खालचा. नाकाकडचा."

असं पुष्कळांचं होतं. डोळा खिडकीच्या मधोमध नसला की एक कोपरा अंधारतो. बटणं बघायला लावलेला वाचायचा चष्मा तिने काढायला लावला, डोळा आणखी जवळ न्यायला सांगितला, कॅमेरा जरा वर उचलला. ती सांगेल ते नाना करत होते आणि दर वेळी म्हणत होते, "काळाच आहे." तिने स्वतः बघितलं. चारही कोपरे लख्ख.

मग तिला वाटलं, वाद घालत बसण्यापेक्षा धडा पुढे न्यावा. आजचा धडा उभ्या फोटोचा होता. समोर बाभळीचं एक उंच झाड होतं.

"कॅमेरा उभा करा, नाना. असा, उजवा हात वर. आता झाड मावेल."

नानांनी कॅमेरा उभा फिरवला. त्यांचा राग निवळावा म्हणून ती सहज म्हणाली, "आता काळं कुठं आहे?"

"तिथंच. खाली, नाकाकडं."

ती पुढचं सांगायला लागली आणि मध्येच थांबली.

"तिथंच? वर नाही गेलं?"

"नाही. हललंच नाही."

कॅमेरा फिरला होता. दोष कॅमेऱ्यात असता तर तोही कॅमेऱ्याबरोबर फिरायला हवा होता. तिने त्यांना कॅमेरा उलटा धरायला लावला, पुन्हा विचारलं. काळं जागचं हललं नव्हतं. तिने डाव्या डोळ्याने बघायला सांगितलं. डाव्या डोळ्याला मच्छर नव्हते, काळंही नव्हतं.

"नाना, कॅमेरा खाली ठेवा. डाव्या डोळ्यावर हात धरा आणि त्या झाडाच्या शेंड्याकडं बघा."

नानांनी हात धरला. मग हात काढला, परत ठेवला. तोंडातून शब्द निघाले ते गावाकडच्या अहिराणीतले.

"कॅमेरा नही. मनाच डोया शे."

दोष त्यांच्याच उजव्या डोळ्यात होता. दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा उजव्याचं उणं भरून काढत होता, म्हणून आठवडाभर घरात फिरताना त्यांना काही कळलं नव्हतं. एक डोळा मिटून बघायची वेळ फक्त कॅमेऱ्यानेच आणली होती.

"चला, डॉक्टरकडं जाऊ," दिपमाला म्हणाली.

"सोमवारी जाईन. दुखत तर काहीच नाही."

"आजच जायचं."

"अहो मॅडम, थकला असेल डोळा. औषध टाकतो घरी जाऊन."

हे काय दुखणं आहे ते तिलाही माहीत नव्हतं. पण बुधवारपासून शनिवारपर्यंत मच्छरांचा कोपरा झाला होता, आणि सोमवारपर्यंत कोपऱ्याचं काय होईल याचा विचार करायला ती तयार नव्हती. एरवी विद्यार्थ्यावर आवाज न चढवणारी ती बाई म्हणाली, "नाना, समोर लाल सिग्नल असता तर सोमवारी थांबला असता का?"

नाना मुकाट्याने उठले.

भुसावळच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवलं, मग प्रकाश टाकून कितीतरी वेळ बघितलं. ते साध्या शब्दांत म्हणाले, "डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. तो फाटून एका कडेने सुटायला लागलाय. आत्ता जळगावला निघा. मी तिथल्या डॉक्टरांना फोन करतो. आणि गाडीत धक्के बसू देऊ नका."

नानांची बायको, बेबाबाई, रिक्षाने दवाखान्यात आली तेव्हा नाना भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवे झाले होते. ती दिपमालाचा हात धरून एवढंच विचारत राहिली, "डोया राही ना वं माय?" दिपमाला पुढे बसली आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला "हळू, हळू" म्हणत राहिली.

जळगावच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "काळे ठिपके, चमक, कधीपासून?"

"आठवडा झाला," नाना म्हणाले. "मला वाटलं, कॅमेऱ्यात धूळ आहे."

"मी सांगितलं त्यांना तसं," दिपमाला मध्येच बोलली. तिला ते गिळून बसता येईना. "गेल्या रविवारीच सांगत होते ते. मी धूळ म्हणाले. फ्लॅशचंही ऐकलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही कोण? मुलगी?"

"कॅमेरा शिकवते."

"मग ऐका. मधला भाग, जिथून आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तो अजून चिकटलेला आहे. दोन-तीन दिवसांनी आला असतात तर तो सुटला असता, आणि मग ऑपरेशन करूनही पहिल्यासारखी नजर येण्याची खात्री नसती. उद्या सकाळी ऑपरेशन करते."

बेबाबाई बाकावर बसली आणि रडायला लागली, पण ते रडणं सुटकेचं होतं. दिपमालाने बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं आणि भूपेंद्रला फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपल्या पोटात चहाशिवाय काही नाही. ती दवाखान्यासमोरच्या गाडीवर तीन प्लेट पोहे खाईल इतकी भुकेली होती. एक प्लेट तिने खाल्ली, दोन बांधून वर नेल्या.

ऑपरेशन नीट झालं. पडदा जागेवर दाबून बसावा म्हणून डोळ्यात वायूचा फुगा सोडला होता, आणि त्यासाठी नानांना आठ दिवस पालथं, उशीत तोंड घालून पडायचं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला फोन लावायला सांगितलं.

"मॅडम, जमिनीकडं बघून बघून कंटाळलो. काहीतरी शिकवा."

मग रोज अर्धा तास दिपमालाने त्यांना फोनवर शिकवलं. कॅमेरा नाही, उजेड नाही, नुसतं ऐकणं. पळत्या वस्तूला शटर किती वेगाचं लागतं, हे त्यांना लगेच कळलं. उलट तेच तिला सांगायला लागले, ताशी शंभरच्या वेगाला सेकंदात गाडी किती मीटर जाते. हा हिशेब तिने आजवर कधी केला नव्हता. तिने वहीत लिहून घेतला.

स्वप्नीलला नानांनी स्वतः फोन केला. पालथं पडूनच, स्पीकरवर. "माल चांगला होता बेटा, मीच चुकलो," म्हणाले. स्वप्नील दुसऱ्या रविवारी सफरचंदं घेऊन भेटून गेला.

फुगा हळूहळू विरत गेला. आधी नुसता उजेड दिसला, मग वरून आकाश स्वच्छ व्हायला लागलं, पाणी उतरावं तसं काळं खाली खाली गेलं. सात आठवड्यांनी जळगावला शेवटची तपासणी होती. दिपमाला पिंप्राळ्याहून स्कूटरवर आली आणि बाहेर बाकावर बेबाबाईशेजारी बसली. आतून नानांचा आवाज ऐकू येत होता. एक एक अक्षर, खणखणीत, जसं स्टेशनवर गाडीचं नाव पुकारतात. शेवटच्या ओळीत ते दोनदा अडखळले. बाकी सगळं वाचलं.

दार उघडून ते बाहेर आले. बायकोकडे बघून म्हणाले, "बठ्ठं दिसस."

सगळं दिसतंय हे ऐकून बेबाबाईने पदराने डोळे पुसले आणि रागानेच म्हणाली, "मंग घर चाला आते."

आता दिपमाला नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी, उन्हात हात धरायला लावायच्याही आधी, एकेक डोळा झाकून लांब बघायला सांगते. काही जण हसतात. ती हसू देते.

मार्चमध्ये चौथा धडा झाला. ऊन अजून तापलं नव्हतं. या खेपेला बेबाबाईही थर्मास घेऊन आली होती आणि सावलीला चादर टाकून बसली होती. नानांनी तासाभरात साठ फोटो काढले आणि मोठ्या उत्साहाने तिला दाखवायला आणले. दिपमालाने एकेक बघितला. त्यातल्या पन्नासेक फोटोंत नदी एका बाजूला कललेली होती.

"नाना," ती म्हणाली, "हे पाणी वाहून भुसावळात शिरेल. कॅमेरा सरळ धरा."

"सरळच धरला होता!"

"नव्हता. पायांत अंतर घ्या, कोपर पोटाला लावा. पुन्हा काढा."

नाना पुटपुटत पुन्हा पाण्याकडे वळले. दिपमाला चादरीवर टेकली, बेबाबाईने दिलेला चहा घेतला आणि तिथूनच ओरडली, "अजून जरा डावीकडं. हां. आता दाबा."