सोयरिकीचं ताट आणि अमेरिकेचं सरकार

“आत्याबाई, साखर द्या! पाहुणे हात धुऊन बसलेत!”

“न्हाई म्हणजे न्हाई!”

साखरेचा डबा मी काखेत मारलेला. समोर सून मंदा कढई घेऊन उभी, कढईतला रवा करपायला आलेला. बाहेर ओसरीवर घनसावंगीचे पाहुणे. माझ्या नातीची, सोनालीची सोयरीक पक्की करायला आलेले. पोरगा पोरीच्या मनात भरलेला. आणि अशा वेळी मी काय करून ठेवलं? माझी फजिती मीच सांगते, हसायचं तर पोटभर हसा!

मी शाळेची पायरी चढले नाही. एसटीच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले, आता मोबाइलवर जगाच्या बातम्या वाचते. गावात माझ्याएवढं वाचणारं दुसरं कोण आहे, दाखवा! तर वाचलं असं, की लोकांनी काय खावं याचे नियम देशोदेशीची सरकारं बदलत आहेत. अमेरिकेनं इतकी वर्षं सायीच्या दुधाला नाक मुरडलं, आता म्हणे साय असू द्या. कॅनडानं तर ताटच आखून दिलं, अर्ध्यात भाज्या न् फळं. ब्राझीलवाले म्हणतात घरी रांधा, चारचौघांत बसून खा. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, पण साखर कमी करा म्हणायला सगळे एक!

झालं. मी घरात हुकूम काढला, साखर बंद!

“आजच्या दिवस तरी!” मंदा रडकुंडीला आली.

“आज साखरेचं औषध होणार हाय का? सरक!”

आणि ताटं मीच वाढली, कॅनडाच्या मापानं. अर्ध्या ताटात मेथी, गाजर, पेरू. उरलेल्यात वरण आणि चतकोर भाकरी.

पोराच्या चुलत्यानं ताट फिरवून फिरवून पाहिलं. “मावशी, बाकीची भाकर?”

“एवढीच बराबर हाय. अर्धं ताट पाल्याचं पाहिजे.”

“पाल्याचं? आम्ही काय शेरडं हाओत?”

“कॅनडात असंच खातेत.”

“आम्ही घनसावंगीहून आलोत, मावशी!”

पोराच्या आईनं हळूच विचारलं, “गोड काही...?”

“या घरात गोड बंद हाय,” मी मान ताठ करून सांगितलं.

ती दचकली. डोक्यावर पदर ओढला. “अगं बाई! कोण गेलं?”

“कोणी न्हाई गेलं! सगळे ठणठणीत!”

हे बोलायला नको होतं! घरात सुतक नाही, तरी सोयरिकीच्या ताटात गोड नाही, याचा आमच्याकडे एकच अर्थ. नकार! तोंडानं कुणी नाही म्हणत नाही, ताट म्हणतं. हे मला ठाऊक नव्हतं? अहो, नुसती भाजी-भाकरी वाढून दोन स्थळं मीच वाटेला लावलेली!

चुलता उठला. “समजलं. चला रे, जीप बोलवा.”

“अहो, तब्येतीसाठी गोड न्हाई! अमेरिकेनं सांगितलंय!”

“मंग पोरगीबी अमेरिकेला विचारून देऊन राह्यले का?”

माझा लेक भिंतीकडे बघत बसला. मंदानं कपाळ बडवलं. पोरानं एका पायात चप्पल घातली, दुसरी घालायला काही तो तयार होईना. आणि दाराआडून सोनाली नुसतं “आज्जी” म्हणाली. डोळे काठोकाठ भरलेले.

आता माघार घेणं माझ्या रक्तात नाही, गल्लीत कुणालाही विचारा. पण पोरीचं ते तोंड बघवेना. दोन्ही हात पसरून मी दारात आडवी उभी राहिले आणि ओरडले,

“बसा खाली! एवढाली सरकारं आपलं म्हणणं फिरवतेत, मंग मी म्हातारी एकदा फिरले तर काय बिघडलं? मंदे, कर तुझा शिरा, अन् पहिला घास माझ्याच तोंडात कोंब, म्हंजी हे तोंड बंद तरी ऱ्हाईल!”