न घातलेले दोन टाके

आमच्या वाडीत कुणाच्या हाती नवी करकरीत नोट आली की तो ती रघूतात्यांच्या नाकासमोर धरणार आणि विचारणार, "काय तात्या, तुमच्याच हातची ना ही?" तात्या दर वेळी सांगणार की त्यांनी जन्मात एक नोट छापलेली नाही. ऐकणारा दर वेळी डोळा मारणार. सरकारी गुपित म्हटल्यावर माणूस दुसरं काय सांगेल, असं वाडीचं मत.

खरी गोष्ट अशी की माझे चुलते रघुनाथ शिगवण घाटावरच्या एका सरकारी सुरक्षा छापखान्यात चौतीस वर्षं पासपोर्ट शिवत होते. छापलेली पानं एकावर एक बसवायची, मशीनवर मधोमध दोरा मारायचा आणि पुस्तिका उघडून टाका न् टाका तपासायचा. आगरदांड्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथून भातलावणीचा चिखल पायाला घेऊन गेलेला माणूस उभ्या देशाचे पासपोर्ट शिवत बसला, आणि स्वतः मात्र खाडीपलीकडच्या दिघीच्या पुढे बोटीने कधी गेला नाही.

आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. डबासुद्धा उघडून दाखवायचा. छापायला किती पानं आली, किती पुस्तिका झाल्या, किती पानं खराब निघाली, हा मेळ बसल्याशिवाय दार उघडत नसे. चांगलं पान हरवलं तर गुन्हा, आणि खराब पान हरवलं तरी तेवढाच गुन्हा. लग्नानंतर पहिल्यांदाच केसरकाकूला सिनेमाला न्यायचं ठरलं होतं, नेमकं त्या दिवशी एक पान कमी भरलं. काकू नवी साडी नेसून फाटकाबाहेर दोन तास उभी. पान शेवटी मशीनच्या पट्ट्याखाली चिंध्या होऊन सापडलं. तात्या बाहेर आले आणि म्हणाले, "काम होतं." आतलं बाहेर सांगायचं नाही हा नियम, आणि बायकोला सूट द्यावी असं त्यात कुठे लिहिलं नव्हतं. काकू तीन दिवस बोलली नाही. आजही म्हणते, "मला सवत होती ती कागदाची."

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता तात्या मिरची लावतात, आणि लग्नपत्रिका आली की आधी तिची बांधणी बघतात, मग नवऱ्या मुलाचं नाव.

तर गेल्या फाल्गुनात आमच्या मनुआत्याचा, म्हणजे तात्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा विनेश, याचं नशीब उघडलं. जहाजाचा कोर्स करून तीन वर्षं घरी बसला होता. अखेर एका मालवाहू जहाजावर खलाशाची जागा मिळाली. तेरा दिवसांनी मुंबईहून सिंगापूरचं विमान, आणि तिथून जहाजावर. ही संधी हुकली तर एजंट पुढचं नाव घेणार, कारण रांगेत पन्नास पोरं उभी.

श्रीवर्धनला डॉक्टरचा दाखला घेऊन विनेश फेरीबोटीने परत येत होता. वारा होता, बोटीच्या तोंडावर लाट फुटली आणि मोटारसायकलसकट विनेशची आंघोळ झाली. खिशात पासपोर्ट. घरी आल्यावर मनुआत्याने, तिला जे येत होतं ते केलं. अंगणात सोडे, म्हणजे सोललेली कोलंबी, वाळत घातले होते, त्यांच्या शेजारी पासपोर्ट उघडून ठेवला, उडू नये म्हणून वर वरवंटा. संध्याकाळपर्यंत पापडासारखा वळला. मग विनेशने त्यावर इस्त्री फिरवली. फोटोच्या पानावरच्या प्लास्टिकचा कोपरा सुटला, म्हणून त्याने तिथे गोंद लावला. मधली पानं ओढून बघताना दोरा तुटला. एवढं सगळं झाल्यावर मायलेकांना तात्या आठवले.

मी तेव्हा तात्यांच्या ओटीवरच होतो. तात्यांनी पासपोर्ट हातात घेतला, वास घेतला आणि डोळे मिटले.

"मने, याला सोड्यांत घातलंस?"

"भिजलेलं सुकवतातच ना, दादा. तुला दुसरी रीत म्हाईत हाय काय?"

"आणि ही इस्त्री कुणी केली?"

विनेश कौलं मोजायला लागला.

"मामा, दोनच टाके गेलेत," तो म्हणाला. "तुम्ही लाखभर शिवलेत. सुईदोरा आणू?"

"आण."

विनेशचा चेहरा उजळला. काकूने डबा दिला. तात्यांनी पांढरा दोरा काढला आणि तुटक्या दोऱ्याशेजारी धरला. मला तर दोन्ही सारखेच दिसले.

"सारखे दिसतात ना? आता विमानतळावरचा साहेब याला निळ्या दिव्याखाली धरणार. आमचा दोरा चमकतो. तुझ्या मामीचा काळा पडणार. मग साहेब विचारणार, बाबा, मधली पानं कुठली घातलीस? सिंगापूर राहिलं बाजूला, तू बसणार त्यांच्या खोलीत."

"मग तिथला दोरा असंल ना एखादा तुझ्याकडं," मनुआत्या हळूच म्हणाली. "येवढी वर्षं व्हतास."

तात्या एकदम उठून उभे राहिले. आवाज मात्र चढला नाही. "चौतीस वर्षांत मी तिथून घरी आणला तो घाम. दुसरं काय आणलं असेल तर शोध घरात."

"बघ दादा, तुला भाच्यापेक्षा सरकार मोठं."

असं बोलून ती निघून गेली. तात्या तिच्या पाठीकडे बघत राहिले. बहिणीच्या शब्दाला कधी नाही न म्हटलेला माणूस. भाऊबिजेला इतर बहिणींना वाटी मिळायची आणि मनुआत्याला मोठं भांडं.

मग तात्यांनी विनेशला समोर बसवलं. "नाव, नंबर, फोटो शाबूत आहे. खराब झाला म्हणून तातडीने नवा मिळतो. पण अर्जात खरं लिहायचं. लाट, सोडे, वरवंटा, इस्त्री, गोंद."

"सोडेसुद्धा?"

"वास लपवणार आहेस?"

"मामा, गोंदाचं नको ना. फेरफार केला म्हणतील."

"तू लिहिलं नाहीस तरच म्हणतील. तिथे बसलेल्याला गोंद दिसतोच. आम्हीच पासपोर्ट तसा करतो ना, गोंद दिसावा म्हणून."

अर्ज मीच लिहून दिला, कारण विनेशचं अक्षर बघून खोटा पासपोर्टही लाजला असता. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं मुंबईच्या बाजूच्या पासपोर्ट केंद्रावर. आत फक्त अर्जदाराला सोडतात. चौतीस वर्षं फाटकाच्या आत काढलेल्या तात्यांना तिथल्या रखवालदाराने पानटपरीशेजारी उभं केलं.

"मी याच कामात होतो," तात्या म्हणाले.

"हो काका, इथे येणारा प्रत्येक जण असतो."

तीन तास. तात्यांनी चार चहा घेतले आणि एकही संपवला नाही. "गोंदाचं गाळेल हा," म्हणत राहिले. मीही तेच धरून चाललो होतो. आमच्या विनेशने शाळेत स्वतःचं नाव सांगतानाही खरं सांगावं की नाही याचा एकदा विचार केला होता.

विनेश बाहेर आला तो घामाघूम. तात्यांनी चौथा चहा तसाच खाली ठेवला.

"खिडकीवरच्या बाईंनी कोपरा बघितला आणि बघतच राहिल्या. मी म्हटलं, गोंद मीच लावलाय मॅडम. माझी चूक. पुढचं सगळं अर्जात हाय."

"मग?"

"अर्ज वाचला. सोड्यांपाशी थांबल्या. शेजारच्या साहेबांना बोलावून वाचून दाखवला. दोघं हसले. मग दंड भरायला लावला आणि जुना घेतला ठेवून. होईल म्हणाल्या."

तात्या टपरीच्या बाकावर बसले आणि पाचवा चहा मागवला. तो त्यांनी बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

नवा पासपोर्ट विमानाच्या तीन दिवस आधी पोस्टमनने आणला. मनुआत्या अजून तात्यांशी बोलत नव्हती, पण विनेश निघाला त्या दिवशी दुपारपासून तात्यांच्या ओटीवर येऊन बसली. पाठ तात्यांकडे, कान फोनकडे. सातच्या सुमाराला फोन वाजला. तात्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"मामा, सुटलो! ठप्पा बसला."

"दिव्याखाली धरला?"

"न्हाय. मशीनवर ठेवला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दिला परत. दोन सेकंद."

"शिवण नाही बघितली? उघडून?"

"न्हाय ओ."

तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. भाचा गेला याचा आनंद, आणि एवढ्या मेहनतीच्या शिवणीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही याचा राग, दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावेनात.

मनुआत्या वळली. पदराने डोळे पुसत आणि हसत म्हणाली, "नीट शिवलेली असंल दादा. फाटली असती तर बघितली असती."

तात्यांनी मान हलवली आणि फोन तिच्या हातात दिला.