नसलेल्या नळाची धमकी

नालासोपाऱ्यात आमच्या बिल्डिंगला पालिकेचं पाणी नव्हतं. टँकर यायचा. (म्हणजे, त्याच्या मनात आलं तर!)

एकदा सकाळीच मोबाईलवर मेसेज: "पाणी विभाग. आपले नळ कनेक्शन आज बारा वाजता तोडण्यात येईल. थांबवण्यासाठी लिंक दाबून ॲप घ्या." मी आठवी नापास, त्यात सरकारी मराठी! सोनू कडेवर, दूध गॅसवर, आणि मी किंचाळले, "आई, आपला नळ तोडतायत!"

सासूबाई जवळच्या चांदीप गावच्या. भाजी निवडत म्हणाल्या, "कंचा नळ?"

"पालिकेचा!"

"आपल्याला कुटं हाय?"

इथंच कळायला हवं होतं ना? पण मला वाटलं, कनेक्शन मिळालंय आणि कोणी सांगितलंच नाही! इतका आनंद झाला, आणि लगेच रडूच आलं, एक घोट प्यायच्या आधी तोडणार! जिन्यात जाऊन शेजारच्या वहिनींना ओरडले, "वहिनी, पालिकेचं पाणी आलंय! बारापर्यंतच आहे, भरून घ्या!" पाच मिनिटांत तीन मजल्यांच्या बायका कळश्या घेऊन आमच्या मोरीत!

आता एवढ्या जणींचं पाणी माझ्या हातात! बोट लिंकवर ठेवलं, तेवढ्यात सासूबाईंनी मोबाईल ओढला. "थांब गं! आधी मोरीतला नळ सोड."

सोडला. फुस्स! आणि एक झुरळ.

"यात तोडायला हाय काय?" सासूबाई म्हणाल्या. "कनेक्शनसाठी अर्ज देऊन वरसं झाली, त्याला उत्तर नाय. आन तुला सकाळी सकाळी लिंक?"

वहिनींनी नंबर बघितला. "अगं, हा तर कोणाचातरी साधा मोबाईल नंबर!"

ह्यांना फोन लावला, तर हे ओरडलेच, "दाबलीस का? त्याच मोबाईलवर माझ्या पगाराचं खातं आहे! ॲपबिप काही घेऊ नको. मी पालिकेत जाऊन विचारतो."

मेसेज खोटाच निघाला. पण हे विचारायला गेले म्हणून कळलं, आमचा जुना अर्ज मंजूर होऊन पडलाय, फक्त एक कागद द्यायचा राहिलाय! (दूध मात्र उतू गेलं होतं.)

ह्यांनी कागद दिला. दोन महिन्यांनी खाली नवा नळ बसला. सगळी बिल्डिंग जमली. नळ खोकला, लालसर थुंकला, आणि धो धो स्वच्छ पाणी! सासूबाई हंडा घेऊन पुढे झाल्या, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले,

"आई, हात लावू नका! फ्रॉड असेल!"