चावडीची पाटी

माझ्या साडूनं मला फसवलं. आज शेलूबाजारच्या माझ्या लाकडांच्या दुकानात एका जुन्या दाराला जवसाचं तेल चोळत होतो, आणि त्या वासानं ती चावडी आठवली. रिठदकडच्या एका गावात जुनी सागवानी चावडी पाडून नवी बांधणार होते. जुन्या इमारती उचलून आणून जपणाऱ्या वारसा-गावासाठी ती मिळावी म्हणून मी तिथल्या म्हाताऱ्यांशी अख्खा उन्हाळा हुज्जत घातली. त्यांच्या पाठी टेकून टेकून तिचा एक खांब एका बाजूनं आरशासारखा झाला होता. साडूनं फक्त ट्रक आणला आणि मजुरांकडून खांब रोवून घेतले. चावडी नव्या जागी उभी राहिली आणि उद्घाटनाला गेलो, तर ‘चावडी वाचवणारे’ म्हणून पाटीवर एकट्या साडूचं नाव, गळ्यात हार. माझी बायकोच म्हणाली, “भाऊजी कसे शोभून राह्यले, पाहा!” माझ्या अंगाची आग झाली. साडूला बाजूला ओढून विचारलं, “मायं नाव कुठी हाय?” तो हसला. “काहून तापता भाऊ? पाटी लहान पडली.” मी खांबाला टेकायला गेलो, तर त्याची गुळगुळीत बाजू यानं भिंतीकडे फिरवून बसवलेली. अजूनही लोक त्या पाटीखाली त्याच्यासोबत फोटो काढतात आणि इकडे माझा जीव जळतो. पाटी लहान होती, तर त्याचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव त्यावर मावलं कसं? त्यानं त्याच खांबाजवळ उभं राहून, चार लोकांसमोर याचा जबाब द्यावा.