गंगाधर तांबे आणि अर्धं मिनिट

आमच्या परळच्या इस्पितळात गंगाधर तांबे यंत्रं दुरुस्त करत. त्याआधी लोअर परळला रेडिओ दुरुस्त करायचे. मॅट्रिक नापास, बिऱ्हाड भोईवाड्याच्या चाळीत, आणि आमचे प्रमुख डॉक्टर त्यांना 'ए तांबे' अशी हाक मारत. मी गिरगावातली, एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिथे आलेली. मला शिकवायचं होतं डॉक्टरांनी, शिकवलं तांब्यांनी. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

साल छप्पन. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यात कोंडीराम नावाच्या विणकराच्या दंडातून गोळी गेली होती. चार महिने झाले तरी त्याची बोटं हलत नव्हती. स्नायूंत वीज उमटते का, एवढंच पाहायचं होतं. नाही उमटली, तर 'हात निकामी' असा शेरा आणि घरी रवानगी.

प्रबंधासाठी मी बनवलेलं यंत्र त्यासाठीच होतं. रोग्याने अर्धं मिनिट हात सैल सोडायचा; तेवढ्यात यंत्र आपणहून त्याच्या स्नायूंची शांतता मोजून घेई. मग त्याने जोर लावला आणि त्याहून जास्त वीज आली, की दिवा लागे. कुणी खुंट्या पिळून यंत्र जुळवत बसायला नको, म्हणून मी भलतीच खूश होते.

तीनदा पाहिलं. दिवा लागला नाही. "हे मोर्चेवाले!" म्हणत डॉक्टरांनी पेन उघडलं.

"थांबा साहेब, लिहू नका," तांबे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही नुसतं यंत्राकडे बघताय. माणसाकडे कोण बघणार?"

मी पाहिलं. कोंडीरामच्या पायाची बोटं फरशीवर घट्ट रोवलेली, कपाळावर घाम. सैल सोडायच्या वेळीही तो जिवाच्या आकांताने हाताला जोर लावत होता, आणि माझं शहाणं यंत्र त्या जोरालाच शांतता समजत होतं. मला माझीच लाज वाटली.

"हात सोडा, कोंडीराम," तांबे म्हणाले.

"सोडला की मेला म्हनून लिवतील. मी नाय सोडनार."

"तांबे, तुझं काम संपलं. जा," डॉक्टर ओरडले.

"नाही संपलं. लिहायचंच असेल तर आधी मला काढल्याचा कागद लिहा."

तांब्यांनी सरळ स्टूल ओढलं. डॉक्टरांसमोर त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कोंडीरामचा हात त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. "सगळा भार माझ्यावर टाका. मी इथे असेपर्यंत कुणाला लिहू देत नाही."

बऱ्याच वेळाने कोंडीरामच्या पायाची बोटं सैल पडली. मी यंत्र चालू केलं. अर्धं मिनिट गेलं.

"आता लावा जोर!"

दिवा लागला. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि ते निघून गेले.

"पुरे कोंडीराम, सोडा आता," मी म्हटलं.

दिवा तसाच. कोंडीराम दातओठ खात त्याच्याकडे बघत होता.

"आता कोन सोडतंय, बाई!"